विश्लेषण : भूल देताना नाडी पाहायची की श्वास? निजामाच्या पैशांतून उत्तर शोधणारे डॉ. एडवर्ड लॉरी कोण होते?

मोठ्या शस्त्रक्रियेआधी इसीजी, टू-डी इको आणि 'फिटनेस'चा कागद का मागतात? भुलीखाली हृदय अचानक बंद पडू शकते म्हणून. पण सव्वाशे वर्षांपूर्वी, नांदेड-लातूरचा परिसर ज्या निजाम राज्यात होता, तेथील सर्वांत मोठ्या डॉक्टरने हे साफ नाकारले होते. त्यासाठी पाचशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले आणि खर्च हैदराबादच्या तिजोरीतून झाला.

हैदराबादेत १८८९ मध्ये काय घडले?

ऑक्टोबर १८८९ मध्ये डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन हे लंडनचे नामवंत डॉक्टर हैदराबादला पोहोचले. छातीतील हृदयविकाराच्या कळेवर अमाइल नायट्राइट या औषधाचा उपयोग होतो, हे त्यांनी १८६७ मध्येच दाखवून दिले होते. हृदय आणि औषधे या विषयात त्या काळी त्यांच्याएवढा अधिकार फार थोड्यांकडे होता. त्यांना पाठवले होते 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने, आणि त्यासाठी लागणारे एक हजार पौंड दिले होते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने.

प्रश्न एका ओळीचा होता. क्लोरोफॉर्म हुंगवून भूल देताना काही रुग्ण टेबलावरच दगावतात. ते आधी श्वास थांबल्याने दगावतात की आधी हृदय थांबल्याने?

निजामाला या प्रश्नात रस का असावा, असे कोणालाही वाटेल. त्याचे कारण त्यांचे डॉक्टर होते. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, श्वास नीट सांभाळला तर एकही माणूस मरणार नाही, असे ते वर्षानुवर्षे सांगत होते. लंडनला ते पटत नव्हते.

लॉरी यांचा हा विश्वास आला कुठून?

लॉरी यांचा जन्म १८४६ चा. वैद्यकीचे शिक्षण एडिंबरात झाले आणि तेथे जेम्स साइम या दरारा असलेल्या सर्जनच्या हाताखाली त्यांनी काम केले. क्लोरोफॉर्मचा जन्मही याच शहरातला. नोव्हेंबर १८४७ मध्ये जेम्स सिम्पसन यांनी जेवणानंतर मित्रांसह तो स्वतःवरच करून पाहिला आणि सगळे टेबलाखाली आडवे झाले. त्याआधीची शस्त्रक्रिया म्हणजे चारजणांनी रुग्णाला धरून ठेवायचे आणि सर्जनने मिनिटांत काम उरकायचे. त्या छळातून सुटका करणारी ही गोष्ट होती.

पण तीनच महिने उलटले नाहीत तोच पहिला धक्का बसला. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना गेली. ऑपरेशन किरकोळ, क्लोरोफॉर्म थोडा, मुलगी घाबरलेली, आणि काही मिनिटांत सगळे संपले. पुढच्या काळात अशा मृत्यूंची नोंद वाढत गेली आणि त्यांतील बरेचसे असेच होते : तरुण, धडधाकट, भेदरलेला रुग्ण आणि दात काढण्यासारखे छोटे काम.

यातून दोन तट पडले. लंडनमध्ये जॉन स्नो यांचे म्हणणे होते की तीव्र वाफ एकदम आत गेली तर हृदयच ढेपाळते. म्हणून मात्रा मोजा आणि नाडीवर बोट ठेवा. व्हिक्टोरिया राणीला १८५३ च्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे ते हेच स्नो. एडिंबरात मात्र साइम शिकवत असत की नाडीकडे बघत बसू नका, श्वासाकडे बघा. रुग्ण घोरायला लागला, श्वास अडला, की लगेच वाफ बाजूला करा. शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणारे जोसेफ लिस्टर, म्हणजे साइम यांचे जावई, तेही याच मताचे होते.

लॉरी हा धडा घेऊन भारतात आले. सरकारी वैद्यकीय सेवेत काही वर्षे काढून १८८५ मध्ये ते हैदराबादला रुजू झाले. गुरूवरची निष्ठा त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. ती थोडी सोडली असती तर त्यांचे नाव आज वेगळ्या कारणासाठी घेतले गेले असते.

मराठवाड्याचा यात संबंध काय?

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि आजचे लातूर-धाराशिव हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. नांदेडला रेल्वे यायची होती ती एकोणिसावे शतक संपताना. इंग्रजी वैद्यक शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे, कारण मराठवाड्याच्या भूमीवर पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ मध्ये, औरंगाबादला. अंबाजोगाईला ते १९७४ मध्ये आले, नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला सरकारी महाविद्यालयासाठी २००२ साल उजाडावे लागले.

म्हणजे या राज्यात भूल कशी द्यायची याची शिस्त लॉरी यांच्या शाळेत ठरत होती. आणि ब्रंटन यांना बोलावण्यासाठी जे हजार पौंड गेले, ते ज्या तिजोरीतून गेले तिच्यात गोदाकाठच्या कापसाचा आणि ज्वारीचा महसूलही पडत होता. तो भरणाऱ्या शेतकऱ्याच्या गावात तेव्हा दवाखाना नव्हता, ही गोष्ट वेगळी.

लॉरी यांचा दरारा कशामुळे होता?

केवळ बोलण्यामुळे नव्हता. लॉरी यांच्या देखरेखीखाली हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला गेला आणि भुलीमुळे एकही मृत्यू झाला नाही, असा त्यांचा दावा होता.

त्यांची पद्धत साधी होती. महागडे यंत्र नाही. उघडी टोपी, आत कापूस, त्यावर क्लोरोफॉर्म. रुग्णाला आडवे झोपवायचे, गळ्याभोवतीचे आणि छातीवरचे कपडे सैल करायचे, हवा मोकळी खेळू द्यायची. भूल देणाऱ्याने बाकी कशाकडेही न बघता फक्त श्वास बघायचा. रुग्णाने धडपड केली किंवा श्वास रोखून धरला की टोपी दूर करायची, कारण त्यानंतरच्या खोल श्वासात एकदम भरमसाट वाफ आत जाते. डोळ्याच्या बुबुळाला हळूच स्पर्श केल्यावर पापणी हलली नाही, की भूल पुरेशी झाली. त्यापुढे एक थेंबही नको. आणि एक नियम पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता : रुग्ण पूर्ण भुलीखाली गेल्याशिवाय सर्जनने सुरी लावायची नाही.

शिकवण्याच्या बाबतीतही लॉरी काळाच्या पुढे होते. त्यांनी हैदराबाद मेडिकल स्कूलचे दार १८८५ मध्ये स्त्रियांना उघडले आणि पाच जणींनी प्रवेश घेतला. त्यांतील एक होत्या रूपाबाई फर्दुनजी. त्या १८८९ मध्ये 'हकीम' ही त्या शाळेची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढची तीसएक वर्षे हैदराबादच्या रुग्णालयांत भूल देण्याचे काम करत राहिल्या. १९०९ मध्ये त्या एडिंबरालाही शिकायला गेल्या, कारण भूल द्यायची तर वायू आणि द्रव यांचे भौतिक-रसायनशास्त्र पक्के हवे. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते. चादरघाट रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून त्या १९२० मध्ये निवृत्त झाल्या. लॉरी यांच्या नावावर जमा करण्यासारखी सर्वांत निर्विवाद गोष्ट बहुधा हीच.

दोन आयोगांनी काय केले?

पहिला 'हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग' १८८८ मध्ये बसला. शंभराहून अधिक कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारण्यात आले आणि प्रत्येक वेळी आधी काय थांबते ते पाहिले गेले. प्रत्येक वेळी आधी श्वास थांबला, मग हृदय. लॉरी यांनी हा निष्कर्ष शाळेच्या बक्षीस समारंभात, ब्रिटनच्या राजघराण्यातील ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासमोर जाहीर केला. 'लॅन्सेट'ने त्यावर शंका घेतली. मग लॉरी यांनी दिवाण अस्मान जाह यांच्या सरकारला गळ घातली : त्यांचाच माणूस बोलवा, खर्च आपण करू.

दुसरा आयोग असा उभा राहिला. लॉरी अध्यक्ष, ब्रंटन लंडनचे प्रतिनिधी, सोबत जेराल्ड बॉम्फर्ड आणि रुस्तमजी हकीम हे डॉक्टर. ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे असे पाचशेहून अधिक प्राणी वापरले गेले. त्यांतील बऱ्याच प्राण्यांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला गेला. काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर सुई त्याची रेघ ओढत जाई. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या काळात एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या काटेकोर नोंदींसह भुलीचा अभ्यास जगात फारसा कुठे झालेला नव्हता.

हृदयाला धोका असतो असे मानत आलेल्या ब्रंटन यांनी मत बदलले. धोका गुदमरण्याचा किंवा जास्त मात्रेचा, हृदयाला थेट धोका नाही, अशा आशयाची तार त्यांनी लंडनला केली. १८९० मध्ये 'लॅन्सेट'ने सविस्तर अहवाल छापला. लॉरी जिंकले होते.

मग चूक कुठे झाली?

प्रयोग खोटे नव्हते. प्रश्न अर्धाच विचारला गेला होता.

कुत्र्याला हळूहळू, वाढत्या मात्रेने क्लोरोफॉर्म देत मरेपर्यंत नेले, तर मेंदूतील श्वासाचे केंद्र आधी बंद पडते हे खरे आहे. पण हॅना ग्रीनरसारखे रुग्ण जास्त मात्रेने मेले नव्हते. ते भूल पुरती चढण्याआधी, कमी मात्रेत, भेदरलेल्या अवस्थेत, एका क्षणात मेले होते. हैदराबादच्या प्रयोगांत ती परिस्थिती पुरेशी उभीच केली गेली नाही.

विरोधातील पुरावे लगेच येऊ लागले. १८९० मध्ये ॲबर्डीनचे जॉन मॅकविल्यम यांनी क्लोरोफॉर्मने हृदय दुबळे होऊन फुगते हे दाखवले. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी दोन प्राण्यांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडून मेंदूवरचा आणि हृदयावरचा परिणाम वेगळा काढला, आणि रक्तदाब पडतो तो हृदयावरच्या थेट परिणामामुळे, असे सांगितले. लॉरी यांनी हे मानले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाद घालत राहिले.

न मानण्याचा हा स्वभाव एका विषयापुरता नव्हता. फ्रान्सच्या लॅव्हरन यांनी मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात जो परजीवी दाखवला होता, तोही लॉरी यांना मान्य नव्हता. आणि ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी तोच परजीवी डासाच्या पोटात शोधला, तो लॉरी यांच्या उंबरठ्यावर, सिकंदराबादेत.

क्लोरोफॉर्मचे कोडे सुटले १९११ मध्ये. लंडनचे गुडमन लेव्ही यांनी मांजरांना अगदी हलकी भूल दिली आणि त्याच वेळी शिरेतून थोडे ॲड्रिनलिन टोचले. हृदय थांबले नाही. ते नुसते थरथरू लागले. स्नायूंचा प्रत्येक धागा आपल्याच तालात हलतो, ठोका म्हणून पडत नाही आणि रक्त पुढे जात नाही. यालाच व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. ॲड्रिनलिन हे भीतीचेही रसायन आहे. घाबरलेला माणूस ते स्वतःच्या शरीरात भरभरून सोडतो, आणि क्लोरोफॉर्मची हलकी मात्रा हृदयाला त्याच्यापुढे हळवे करून ठेवते. श्वास चालू असतानाच खेळ संपतो.

येथे लॉरी यांच्या यशाचेही उत्तर मिळते. पूर्ण भूल चढेपर्यंत सुरी लावायची नाही, हा त्यांचा नियम रुग्णाला नेमक्या त्या धोक्याच्या टप्प्यात वेदनेपासून वाचवत होता. मोकळी हवा, सैल कपडे आणि श्वासावर खिळलेली नजर यांमुळे गुदमरून होणारे मृत्यूही टळत होते. हात बरोबर होते, कारण चुकीचे होते. पण दूरच्या एखाद्या गावातला डॉक्टर लॉरी यांचे हात घेऊन जन्माला येत नव्हता. त्याच्यापर्यंत पोहोचले ते एवढेच, की नाडी पाहायची गरज नाही.

लॉरी यांचे पुढे काय झाले?

१९०१ मध्ये ते हैदराबाद सोडून निवृत्त झाले. त्यांनी जेथे काम केले ते अफझलगंज रुग्णालय सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात वाहून गेले. त्याची जागा पुढे उस्मानिया रुग्णालयाने घेतली. लेव्ही यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले तेव्हा लॉरी हयात होते. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या आयोगाचा अहवाल ग्रंथालयात गेला होता, पण क्लोरोफॉर्म वापरात होता. स्वस्त, पेट न घेणारा आणि थेंबभर पुरणारा म्हणून तो भारतात आणखी अनेक वर्षे टिकला.

आजच्या भुलीशी याचा काय संबंध?

क्लोरोफॉर्म गेला, तरी हृदय आणि ॲड्रिनलिनचे ते नाते गेले नाही. १९५६ पासून वापरात आलेला हॅलोथेन हा वायू भारतातील सरकारी रुग्णालयांत अनेक दशके मुख्य होता, आणि तोही हृदयाला ॲड्रिनलिनपुढे हळवे करतो. सर्जन रक्तस्राव कमी व्हावा म्हणून जागेवर ॲड्रिनलिनमिश्रित बधिरतेचे औषध टोचतात. रुग्ण हॅलोथेनवर असेल तर त्याची मात्रा तोलून मापून द्यावी लागे, नाहीतर ठोके चुकू लागत. एकाच वेळी दोन प्रकारची भूल दिल्यावर हृदयाला कसा फटका बसू शकतो, याचे हे एक उदाहरण.

आता पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत पाठीच्या मणक्यात बारीक नळी घालून एपिड्युरल देतात आणि वर पूर्ण भूलही देतात. फायदा खरा आहे : वायू कमी लागतो, शुद्धीवर आल्यावर दुखत नाही, रुग्ण खोल श्वास घेऊ शकतो. पण दोन्हींचा भार हृदयावर एकत्र पडतो.

पाठीतील औषध फक्त वेदनेच्या नसा बधिर करत नाही, तर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही सैल करते. त्यामुळे पायांकडे आणि पोटाकडे रक्त साचते, हृदयाकडे कमी परतते आणि बीपी घसरते. औषध छातीच्या वरच्या भागापर्यंत चढले, तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसाही बंद होतात. बीपी पडूनही नाडी वाढत नाही, उलट मंदावते. त्यावर पूर्ण भुलीची औषधे हृदयाचा जोर आणखी कमी करतात. जागा रुग्ण निदान मळमळतेय, घाबरल्यासारखे होतेय असे सांगतो. झोपलेला रुग्ण काहीच सांगत नाही. वयस्कर, रक्तस्राव झालेला किंवा ज्याच्या हृदयाची झडप अरुंद आहे असा रुग्ण या घसरणीत सावरत नाही. म्हणून टू-डी इको.

दुसरा धोका नळीच शिरेत जाण्याचा. ब्युपिव्हॅकेन हे नेहमीचे औषध थेट रक्तात गेले तर हृदयाच्या विद्युतवाहिन्यांना घट्ट चिकटते आणि हृदय बंद पडू शकते. १९७९ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑलब्राइट यांनी अशा घटनांकडे लक्ष वेधले. त्यावर आज पहिला उपाय म्हणजे शिरेतून दिले जाणारे पांढरे, दुधासारखे स्निग्ध द्रावण. ते औषधाला हृदयापासून ओढून घेते. माणसात ते यशस्वी झाल्याची पहिली नोंद २००६ ची.

पण त्याआधीची पायरी अधिक साधी आहे. नळी बसल्यावर भूलतज्ज्ञ पूर्ण मात्रा देत नाहीत. आधी ३ मिलीलिटर चाचणी मात्रा देतात, तिच्यात लिग्नोकेनबरोबर १५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन असते. नळी चुकून शिरेत असेल तर मिनिटाभरात नाडी २० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी उसळते. पूर्ण भुलीखाली ही उसळी दबून जाऊ शकते, म्हणून शक्यतो रुग्ण जागा असतानाच ही मात्रा देतात आणि तेवढा वेळ मॉनिटरवरील नाडीच्या आकड्यावरून नजर हलवत नाहीत.